जिवाणूंची भिंत बांधणारी विकरे कशी ओळखतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना पेशीभित्तिकेचा धडा आला की वर्गात एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. कोणाच्या घरी टीबीचा रुग्ण असतो, कोणाला पीएचडीचा विषय हवा असतो, कोणाला औषधं चालेनाशी का होतात हे कळून घ्यायचं असतं. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. ती सलग वाचायची गरज नाही. पण चौथा आणि पाचवा प्रश्न मात्र सोडू नका.

१. पेशीभित्तिका म्हणजे नेमकं काय? औषधवाले सारखे तिच्याच मागे का?

जिवाणूच्या आत दाब प्रचंड असतो. नुसतं पातळ पटल असतं तर तो फुटून गेला असता. म्हणून तो स्वतःभोवती जाळी विणतो. कळमन्याच्या बाजारात संत्री जाळीदार पिशवीत भरलेली पाहिली असतील. संत्री आतून दाबतात, जाळी ताणते, पण सुटत नाही. जिवाणूची जाळी पेप्टिडोग्लायकनची असते. दोन शर्करा आलटून पालटून जोडलेले लांब धागे, आणि त्या धाग्यांना आडवे बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे दोर.

आपल्या पेशींना अशी भिंत नाही. ही जाळी विणणारी बहुतेक विकरेही आपल्याकडे नाहीत. त्यामुळे त्यांच्यावर नेम धरला तर जिवाणू मरतो आणि माणसाच्या पेशी बऱ्याच अंशी वाचतात. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, आयसोनियाझिड, इथॅम्ब्युटॉल, सायक्लोसेरिन ही सगळी याच वाटेने जातात. व्हँकोमायसिनही भिंतच अडवतं, पण ते विकराला धरत नाही. विकर ज्या टोकाला हात घालणार, त्या टोकालाच ते चिकटून बसतं.

२. 'विकर' म्हणायचं की 'एन्झाइम'?

दोन्ही चालतं. शाळेच्या पुस्तकात विकर आहे, प्रयोगशाळेत सगळे एन्झाइम म्हणतात. मी लिहिताना विकर लिहिते आणि बोलताना एन्झाइम म्हणते.

३. एक भिंत बांधायला किती विकरे लागतात?

नुसती जाळीची एक 'वीट' तयार करायलाच आठ-दहा. पेशीच्या आत मर-ए या विकरापासून सुरुवात होते. त्यानंतर मर-बी, मग मर-सी ते मर-एफ ही मंडळी एकेक करून अमिनो आम्लं जोडतात. डी-ॲलानिनची जोडी वेगळ्या विकरांकडून तयार होऊन येते. मग एमआरए-वाय नावाचं विकर हा सगळा ऐवज पटलातल्या स्निग्ध वाहकावर चढवतं, मर-जी दुसरी शर्करा जोडतं, आणि तयार झालेल्या रेणूला लिपिड-२ म्हणतात. हा रेणू पटलाच्या आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला उलटवावा लागतो. तिथे विणकाम करणारी विकरे त्याचा धागा करतात आणि आडवे दोर बांधतात.

टीबीच्या जिवाणूत काम इथे संपत नाही. पेप्टिडोग्लायकनला ऱ्हाम्नोज असलेला एक दुवा जोडलेला असतो. त्या दुव्यावर गॅलॅक्टन ही शर्करांची साखळी, त्यावर अरॅबिनन ही दुसरी शर्करांची साखळी, आणि अरॅबिननच्या टोकांवर मायकोलिक आम्लं. या आम्लांमध्ये ७० ते ९० कार्बनचे अणू असतात. इतकी लांब स्निग्धाम्लं आपल्या शरीरात बनत नाहीत. या मेणचट थरामुळेच हा जिवाणू ग्रॅमच्या रंगाला नीट दाद देत नाही आणि आपल्याला आम्लरोधी रंजन करावं लागतं. तुमच्या प्रॅक्टिकलमध्ये कार्बोल फुक्सिन तापवता ना, ते याच थरासाठी.

गॅलॅक्टनची गोष्ट मला फार आवडते. जवळपास ३० शर्करांची साखळी, आणि त्यात दोन प्रकारचे बंध आलटून पालटून. पूर्वी समज असा की एक विकर एकच प्रकारचा बंध बांधतं. त्या हिशोबाने इथे बरीच विकरे लागायला हवी होती. प्रत्यक्षात दोनच सापडली. पहिलं सुरुवातीच्या दोन शर्करा बसवतं, दुसरं उरलेली सगळी साखळी एकट्याने, दोन्ही बंध स्वतःच बांधत.

४. टीबीच्या जिवाणूचा जीनोम तर १९९८ पासून माहीत आहे. मग आता शोधायचं काय राहिलं?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्या गैरसमजांचं मूळही तोच.

१९९८ साली सुमारे ४४ लाख अक्षरांचा तो जीनोम, म्हणजे जिवाणूचा सगळा जनुकीय मजकूर, प्रसिद्ध झाला. सुमारे चार हजार जनुकं. पण जनुकाची अक्षरं वाचणं वेगळं आणि त्यातून बनणारं प्रथिन काय काम करतं हे कळणं वेगळं. संगणक काय करतो? या प्रथिनाचा चेहरा अमुक प्रथिनासारखा दिसतो, म्हणजे तेच काम करत असावं, असा तर्क. तो तर्क डेटाबेसात नाव म्हणून चिकटतो. पुढचा माणूस ते नाव पाहून आणखी एका जनुकाला तेच नाव देतो. तीन पिढ्यांनंतर त्या तर्काला पुरावा समजलं जातं. चेहरा मिळाला म्हणून माणूस ओळखीचा ठरत नाही, तसंच हेही आहे.

खरी घडलेली गोष्ट सांगते. रॉड-ए आणि एफटीएस-डब्ल्यू ही दोन प्रथिनं जिवाणूची लांबी आणि विभाजन यांच्याशी निगडित आहेत, हे अनेक वर्षं माहीत होतं. पण ती नेमकं काय करतात? लिपिड-२ ला पटलाच्या आरपार उलटवणं हे त्यांचं काम असावं, असं पुष्कळांना वाटत होतं. २०११ मध्ये एफटीएस-डब्ल्यूबद्दल तसा निष्कर्ष प्रसिद्धही झाला. विणकाम मात्र पेनिसिलिन ज्यांना चिकटतं ती प्रथिनं करतात, हे पुस्तकातलं पक्कं वाक्य होतं.

पण बॅसिलस सबटिलिस या जिवाणूने गोंधळ घातला. त्याच्यातली धागा विणणारी ओळखीची सगळी प्रथिनं काढून टाकली तरी तो जगत होता आणि भिंत बांधत होता. म्हणजे विणणारा दुसरा कोणीतरी होता. २०१४ मध्ये ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूमध्ये दिसलं की उलटवण्याचं काम मर-जे करतं. २०१६ मध्ये रॉड-ए स्वतःच धागा विणतं हे समोर आलं. २०१९ मध्ये एफटीएस-डब्ल्यूही तेच करतं हे दाखवलं गेलं. ज्याला आपण हमाल समजत होतो तो विणकर निघाला. आणि पेनिसिलिन ज्याला धरत नाही असा विणकर निघाला, म्हणजे नव्या औषधाला एक नवं लक्ष्य मिळालं.

तेव्हा शोधायचं काय राहिलं, याचं उत्तर असं: नाव मिळालेल्या कितीतरी जनुकांचं काम अजून कोणी परीक्षानळीत करून पाहिलेलं नाही.

५. मग एखादं विकर तेच काम करतं, हे सिद्ध कसं करतात?

माझ्या मुलांना मी तीन पुरावे मागते. तिन्ही हवेत.

पहिला पुरावा परीक्षानळीतला. जनुक घ्यायचं, ई. कोलायमध्ये घालून प्रथिन बनवून घ्यायचं, निकेलच्या स्तंभावरून शुद्ध करायचं, कच्चा माल द्यायचा आणि तयार माल निघतो का ते पाहायचं. सोबत उकळून मारलेलं विकर ठेवायचं, त्यात काही घडता कामा नये. शिवाय कामाच्या जागेवरचं एखादं अमिनो आम्ल बदललेलं विकरही ठेवायचं. ते शुद्ध होऊन येतं पण काम करत नाही, असं दिसलं तर खात्री पुष्कळ वाढते. हे दुसरं नियंत्रण (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) मुलं टाळतात. कारण असं मुद्दाम निकामी केलेलं प्रथिन बनवायला आणखी एक महिना जातो. टाळू नका. ई. कोलायचं स्वतःचं एखादं विकर तुमच्या प्रथिनासोबत चिकटून आलं असेल, तर ते पकडणारं हेच नियंत्रण आहे.

दुसरा पुरावा तयार मालाचा. काहीतरी बनलं, एवढ्याने भागत नाही. नेमका कोणता रेणू बनला, शर्करा कितव्या कार्बनला जोडली गेली, बंध अल्फा की बीटा? पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर ठिपका सरकला हे पहिलं लक्षण. वस्तुमान वर्णपटाने वजन कळतं, पण एकाच वजनाच्या दोन शर्करा वेगळ्या असू शकतात. बंध ओळखायला एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना वाचणारं तंत्र) किंवा मिथिलीकरण लागतं. शर्करांच्या कामात सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

तिसरा पुरावा जिवंत पेशीतला. जनुक बंद केलं तर कच्चा माल साचतो का, तयार माल घटतो का, आणि जनुक परत दिलं की सगळं पूर्ववत होतं का? शेवटची अट फार महत्त्वाची आहे. परत दिल्यावर पूर्ववत झालं नाही, तर बिघाड शेजारच्या जनुकातला असू शकतो.

साचलेला माल किती बोलका असतो ते जेम्स पार्क यांच्या कामातून कळतं. १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यांना दिसलं की पेनिसिलिन दिलेल्या स्टॅफिलोकॉकसमध्ये एक युरिडीनयुक्त रेणू ढिगाने साचतो. तो भिंतीची अर्धवट वीट होता, हे पुढे कळलं. वीट साचते म्हणजे रांगेत पुढे कुठेतरी अडलेलं आहे. १९६५ मध्ये टिपर आणि स्ट्रोमिंजर यांनी मांडलं की पेनिसिलिनचा आकार डी-ॲलानिनच्या जोडीसारखा आहे, म्हणून दोर बांधणारं विकर त्यालाच धरून बसतं आणि अडकतं.

६. औषध आधी सापडतं की विकर?

बऱ्याचदा औषध आधी. आयसोनियाझिडचा रेणू १९१२ सालीच तयार झाला होता, टीबीवर तो १९५२ पासून वापरात आला. तो मायकोलिक आम्लांचं उत्पादन थांबवतो, हे १९७०च्या आसपास कळलं. पण नेमकं कोणाला धरतो? १९९२ मध्ये कळलं की जिवाणूचंच कॅट-जी हे विकर या औषधाला जागं करतं. १९९४ मध्ये इनएचए हे विकर खरं लक्ष्य म्हणून सापडलं. रुग्ण बरे होत राहिले आणि कारण कळायला चार दशकं गेली.

इथली युक्ती साधी आणि भारी आहे. औषध चालत नाही असे जिवाणू वेचायचे, आणि त्यांच्यात काय बदललं ते पाहायचं. इथॅम्ब्युटॉलचं लक्ष्य असंच मिळालं. ती जनुकं औषधाच्या नावावरूनच 'एम्ब' म्हणून ओळखली जातात, आणि ती अरॅबिनन बांधतात. २००९ मध्ये बेन्झोथायाझिनोन नावाची नवी रसायनं आली, त्यांचं लक्ष्य डीपीआरई-१ हेही याच वाटेने सापडलं. हे विकर रायबोजच्या रेणूचं अरॅबिनोजमध्ये रूपांतर करायला मदत करतं. ते थांबलं की अरॅबिनोजचा पुरवठाच बंद. या रसायनांचं आणि विकराचं नातं इतकं घट्ट की औषध विकरातल्या सिस्टीन या एका अमिनो आम्लाला कायमचं चिकटतं.

७. भिंतीचं जनुक काढलं तर जिवाणू मरतो. मेलेल्याचा अभ्यास कसा करायचा?

पूर्ण काढायचं नाही, हळूहळू आवळायचं. जनुकासमोर असा स्विच बसवतात की माध्यमात अमुक रसायन असेल तरच ते चालू राहील. रसायन कमी करत गेलं की पेशी फुगते, वाकडी होते, फुटते. त्या काही तासांत नमुने घ्यायचे. आता क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने जनुक न कापता नुसतं दाबूनही ठेवता येतं.

दुसरी वाट नातेवाइकांची. कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम हा टीबीच्या जिवाणूचा दूरचा भाऊबंद. त्याच्याही भिंतीत अरॅबिनन आणि छोटी मायकोलिक आम्लं असतात, पण अरॅबिनन बांधणारं विकर काढलं तरी तो आजारी का होईना, जगतो. टीबीच्या जिवाणूत जे जनुक काढता येत नाही, ते इथे काढून परिणाम पाहता येतो.

८. पेनिसिलिन टीबीवर का चालत नाही?

दोन कारणं. एक, या जिवाणूकडे पेनिसिलिन तोडणारं स्वतःचं विकर आहे. दोन, याच्या जाळीतले बहुसंख्य दोर वेगळ्या गाठीने बांधलेले असतात, आणि ती गाठ मारणाऱ्या विकरांवर साधं पेनिसिलिन चालत नाही. कार्बापेनेम गटातली औषधं मात्र त्यांना धरू शकतात. २००९ मध्ये मेरोपेनेम आणि क्लॅव्ह्युलॅनेट यांची जोडी प्रयोगशाळेत टीबीच्या जिवाणूवर चांगली चालते हे दाखवलं गेलं.

फॉस्फोमायसिनचंही तसंच. ते मर-ए मधल्या एका सिस्टीनला चिकटतं. टीबीच्या मर-ए मध्ये त्या जागी सिस्टीनच नाही, ॲस्पार्टेट आहे. एका अमिनो आम्लाचा फरक, आणि अख्खं औषध बाद.

९. हे काम नागपुरात करता येईल का? टीबीचा जिवाणू हाताळावा लागेल का?

करता येतं. आणि टीबीचा जिवाणू हाताळायची गरज नाही. तो हाताळायला तिसऱ्या पातळीची जैवसुरक्षा असलेली प्रयोगशाळा लागते. तो दुप्पट व्हायला साधारण एक दिवस घेतो, वसाहत दिसायला तीन-चार आठवडे. पीएचडीची मुदत त्यातच संपून जाईल. मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस साधारण तीन तासांत दुप्पट होतो आणि साध्या प्रयोगशाळेत चालतो. जनुक बदलाचं काम असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी मात्र आधी घ्या, नंतर नाही.

महाविद्यालयाला मी मर-ए सुचवेन, तेही ई. कोलायचं. ते पाण्यात विरघळतं, भरपूर बनतं, आणि त्याला लागणारे दोन्ही कच्चे माल विकत मिळतात. काम होताना फॉस्फेट सुटतं आणि मॅलेकाइट ग्रीनने ते हिरवं दिसतं. रंग मोजायला साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. किरणोत्सारी पदार्थ नको, परवानग्यांची लांब रांग नको. फॉस्फोमायसिन घाला, रंग येणं थांबतं. मग ११५व्या जागेवरचं सिस्टीन बदलून ॲस्पार्टेट करा: फॉस्फोमायसिन घालूनही रंग येतो. आठव्या प्रश्नात जे वाचलं ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. हा प्रयोग पहिल्यांदा जमला तेव्हा आमच्या दोन मुली प्लेट घेऊन व्हरांड्यात पळत आल्या होत्या.

शहरात विद्यापीठाचे विभाग आहेत, नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आहे, एम्स आहे, पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. उपकरण आपल्याकडे नसेल तर जाऊन विचारा. पत्र लिहून वाट पाहण्यापेक्षा समोर जाऊन बोललेलं इथे जास्त उपयोगी पडतं, हा माझा अनुभव.

१०. प्रथिन तर मिळालं, पण ते काही कामच करत नाही. काय चुकलं?

कदाचित तुमचं काहीच चुकलं नसेल. भिंतीची कितीतरी विकरे पटलात रुतलेली असतात. बाहेर काढली की त्यांचा आकार मोडतो. तापमान कमी करून बनवा, डिटर्जंट बदला, किंवा शुद्ध न करता पटलाचा भागच तसाच वापरा. कच्चा माल चुकीचा असण्याची शक्यताही मोठी आहे. मायकोबॅक्टेरियाचा स्निग्ध वाहक ५० कार्बनचा असतो, ई. कोलायचा ५५ कार्बनचा.

आणि उन्हाळा. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, वीज जाते, आणि उणे ८० चा फ्रीजर हळूहळू तापू लागतो. एका मे महिन्यात रात्री वीज गेली आणि सकाळी येईपर्यंत तीन आठवड्यांचं शुद्ध केलेलं विकर पांढऱ्या गाळासारखं तळाशी बसलेलं होतं. ज्या मुलाचं ते काम होतं तो बराच वेळ नळी हातात धरून उभा होता. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याचे दोन भाग होतात आणि दुसरा भाग वेगळ्या इमारतीत जातो. पटलातल्या विकरांचं शुद्धीकरण आम्ही आता जुलै ते फेब्रुवारी या काळातच करतो.

११. अल्फाफोल्ड आल्यावर हे सगळं लागेल का?

लागेल. अल्फाफोल्ड हा प्रथिनाचा आकार वर्तवणारा संगणकीय कार्यक्रम. त्यातून आकार कळतो, काम नाही. रॉड-ए चा आकार आधी कळला असता तरी तो विणकर आहे हे आकारावरून कोणी छातीठोकपणे सांगितलं नसतं. पण कुठलं अमिनो आम्ल बदलून पाहावं हे ठरवायला तो फार उपयोगी आहे, आणि फुकट आहे.

१२. कुष्ठरोगाच्या जिवाणूबद्दल कोणी का बोलत नाही?

विदर्भात हा प्रश्न विचारला जातो याचं मला बरं वाटतं. आनंदवन आणि दत्तपूर या कुष्ठरुग्णांसाठीच्या संस्था आपल्या शेजारी आहेत. कुष्ठरोगाचा जिवाणू आजवर कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही, त्यामुळे थेट प्रयोग अवघड. पण त्याचा जीनोम २००१ मध्ये वाचला गेला आणि त्यातून एक अमोल गोष्ट मिळाली. या जिवाणूने आपली जनुकं मोठ्या प्रमाणात गमावली आहेत. सुमारे १,६०० चालू, आणि हजाराहून जास्त मोडकळीला आलेली. एवढी पडझड होऊनही भिंतीच्या गाभ्याची जनुकं टिकून आहेत. पडत्या वाड्यात जे खांब अजून उभे आहेत, त्यांच्यावरच वाडा तोललेला असतो. टीबीच्या जिवाणूतलं कोणतं विकर आधी अभ्यासावं हे ठरवताना मी कुष्ठरोगाच्या जिवाणूची यादी शेजारी ठेवते.

१३. आमच्या बाबांच्या टीबीच्या रिपोर्टवर 'इनएचए' आणि 'कॅट-जी' लिहिलं आहे. हे तेच का?

हो, तेच. लाइन प्रोब तपासणीत याच जनुकांतले बदल पाहतात. कॅट-जी बिघडलं असेल तर आयसोनियाझिड जागंच होत नाही, म्हणून प्रतिकार बहुधा मोठा असतो. इनएचएच्या सुरुवातीच्या भागात बदल असेल तर ते विकर जास्त बनतं आणि नेहमीचा डोस अपुरा पडतो. हा प्रतिकार बहुधा सौम्य असतो, पण त्यासोबत इथिओनामाइड हे औषधही कमी चालू शकतं. या दोन ओळींवरून डॉक्टर औषधांची जुळणी बदलतात. बाबांचा रिपोर्ट घेऊन टीबी केंद्रातल्या डॉक्टरांनाच भेटा आणि तोवर चालू असलेली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. इथॅम्ब्युटॉल चालू असताना नजर धूसर झाली किंवा लाल-हिरव्या रंगात गल्लत होऊ लागली, तर त्याच दिवशी सांगा.

१४. मला सुरुवात करायची आहे. उद्या काय करू?

टीबीच्या जीनोममध्ये ३७७९ ते ३८०९ क्रमांकांच्या दरम्यान भिंतीच्या जनुकांची वस्ती आहे. गॅलॅक्टन, अरॅबिनन, डीपीआरई-१, सगळे शेजारी शेजारी. युनिप्रॉट या प्रथिनांच्या ऑनलाइन डेटाबेसवर त्यातलं एकेक जनुक उघडा आणि नाव वाचण्याआधी पुराव्याची ओळ वाचा. 'प्रयोगाने सिद्ध' असं आहे की 'साम्यावरून' असं आहे? वहीत दोन रकाने करा. भारतात २०१० मध्ये सीएसआयआरच्या (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) खुल्या औषधशोध प्रकल्पात देशभरच्या विद्यार्थ्यांनी टीबीच्या जीनोमची अशीच नव्याने नोंद घेतली होती, त्यातले पुष्कळ जण तेव्हा तुमच्याच वयाचे होते. दुसऱ्या रकान्यात जे जनुक तुम्हाला सर्वांत जास्त खुपेल, ते घेऊन माझ्याकडे या. सोमवार ते शुक्रवार चारनंतर मी प्रयोगशाळेतच असते.